शाम्पूच्या पुड्या

विसरवाडीच्या फाट्यावर माझं किराण्याचं दुकान आहे. शाम्पूच्या पुड्यांच्या पट्ट्या दारातच टांगलेल्या असतात. ट्रकवाले, बसमधून उतरलेले, सगळे तोडून नेतात. बायकोनं मात्र त्यातली एकही कधी स्वतःच्या डोक्याला लावली नाही. तिचं सगळं शिकेकाईवर. फेसानं केस धुणाऱ्यांची ती मनसोक्त टिंगल करायची.

मग तिची सुरतेची औषधं सुरू झाली आणि बघता बघता केस गेले. डोक्याला रुमाल बांधला, तो माझ्यासमोरही सोडेना. डोकं ठणकायचं, तरी हात लावू देत नव्हती. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? एवढा संसार झाला आणि आता माझ्यापासून कसली लाज?

मी आपला शहाणपणा करून पट्ट्या काढल्या आणि आतल्या फळीवर ठेवल्या. तिच्या लगेच लक्षात आलं.

"पुड्या लपाडीसन मन्हा केस येतीन का?"

मी गुपचूप परत टांगल्या. वर तिनं विचारलं, जन्मभर विकता ते शाम्पू म्हणजे नेमकं काय, शब्द कुठला? मी ठोकून दिलं, इंग्रजांचा, आणखी कुणाचा! तिला ते पटलं नाही. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं.

कॉलेजातला जाड शब्दकोश माळ्यावर पडला होता, तो काढला. तर इंग्रजांनी शब्द इथूनच उचललेला. मूळचं 'चांपो', म्हणजे दाबा, चोळा. आधी नुसतं अंग रगडणं, मग डोकं चोळून धुणं, आणि शेवटी चोळणं गेलं, फेस उरला. काखेत कळसा म्हणतात तो हा. सुरतेला रक्त काढलं की नर्स कापूस ठेवून दर वेळी सांगायची, "चांपी राखो." हिच्या हातावरचा तो कापूस मीच तर दाबून धरत होतो.

संध्याकाळी ती दुकानाच्या मागच्या खोलीत डाळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. मुळात या शब्दाला केस लागतच नाहीत, असंही म्हणालो. आता टिंगल होणार म्हणून तयारीत होतो. तिनं सूप बाजूला सारलं आणि रुमालाची गाठ स्वतःच सोडली.

"केस नही शेतस, पन डोकं ते शे ना," ती म्हणाली. "चांपा मंग."

तेलाची बाटली हाताशीच होती. डोकं गरम लागलं, आणि मला वाटत होतं त्यापेक्षा किती लहान. माझा हात बिचकत होता. जरा जोर लावा, म्हणाली. मला रडू आलं, पण मी मागे बसलो होतो, तिला दिसलं नाही.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शाम्पूची पुडी मागितली. गिऱ्हाइकाला मी आजवर कधी ताटकळत ठेवलेलं नाही. बसल्या जागेवरून ओरडलो, तुझी तू तोडून घे, पैसे ठेव आणि जा.