समुद्राकाठी आमच्या गावच्या अक्षता

माझ्या लग्नाला इनमीन आठ-दहा माणसं होती आणि तरीही आख्खं गाव हजर होतं. हे कसं जमलं ते सांगताना माझी मान आजही आपोआप ताठ होते. होऊ दे. एवढं करून मान खाली घालायला मी काही वेडी नाही.

आमचं गाव जाफराबाद तालुक्यात, टेंभुर्णीच्या अलीकडे. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचे. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, ते उगवतात का बघायचं आणि नीट उगवले तरच माल पुढे सोडायचा, असं माझं काम. नवरदेव भोकरदन तालुक्यातला, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचा. तो स्वयंपाकी, एका हॉटेलात. पण ते हॉटेल कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर. गावात हे समजावून सांगायला मुळीच त्रास पडला नाही. 'वेस्ट इंडीजकडं' म्हटलं की पारावरची पोरं माना डोलवायची. क्रिकेटमुळे तो मुलूख त्यांना सिल्लोडपेक्षा जवळचा वाटतो.

साखरपुडा झाला, तारीख ठरली आणि ह्याची रजा रद्द झाली. त्याच्या जागी येणारा दुसरा स्वयंपाकी आलाच नाही. पुढच्या वर्षी बघू, असं त्याचा साहेब म्हणाला आणि दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनीही लगेच तीच री ओढली. माझं डोकंच फिरलं. साहेबाच्या स्वयंपाकघरासाठी माझं लग्न वर्षभर टांगून ठेवायचं? फोनवर हा सहज बोलून गेला, "इथं समुद्राच्या वाळूवर लग्न करायला जगभरातून लोक येऊन राह्यले. हाटेलातल्या माणसाला तर ती जागा फुकटच."

मी म्हणाले, "मग मी येते."

आई एका मिनिटात तयार झाली. तिला कधीचं विमानात बसायचं होतं. अडले ते बाबा. बाबा म्हणजे गावातल्या कुठल्याही लग्नात बोलवायची वाट न बघता वाढपाची बादली हातात घेणारा माणूस. कुणाच्या पोरीच्या अक्षता त्यांनी चुकवल्या नाहीत. अंगात ताप असतानाही एकदा उभे राहून आले होते. ते म्हणाले, "माझ्या एकुलत्या पोरीच्या लग्नात गाव न्हाई? मंग मी कोण्या तोंडानं गावात फिरू?"

थोरल्या काकांनी तर, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाने, निकालच देऊन टाकला. देवळाच्या सभामंडपात चारचौघांसमोर म्हणाले, "गावाच्या अक्षता पडल्या न्हाई त्ये लग्न न्हाई. फिरायला चाललो म्हणा. लग्न म्हणू नका."

तिथेच बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "गाव तिकडं येऊ शकत न्हाई, बराबर हाये. पण गावाच्या अक्षता येतील. घरटी एक एक मूठ ज्वारी द्या. ती मी ह्या हातानं पोरीच्या डोस्क्यावर टाकीन. शब्द हाये माझा."

आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, तांदळाच्या नाहीत. पुढचे काही दिवस बाबा कापडी पिशवी घेऊन घरोघर फिरले. कुणी सुपातून दिली, कुणी पदरातून. मशिदीजवळच्या चाची म्हणाल्या, "भाई, हमारी मुठ्ठी बी लेके जाव, बच्ची के सर पे बराबर गिरना." थोरल्या काकांनी बाबांना ओट्यावर बराच वेळ तिष्ठत ठेवलं, मग आतून शाळूची टपोरी ज्वारी आणली आणि पिशवीत ओतली. बोलले एवढंच, "टाकशील तवा मला दिसलं पाह्यजे." म्हणून मग सभामंडपात मोठा टीव्ही लावायचं ठरलं. फोनवरून तिकडचं लग्न इकडे दिसणार होतं. मुहूर्त मी काढला: तिकडे सकाळ आणि आपल्याकडे त्याच वेळी गोरज.

ती सगळी ज्वारी मी हौसेने निवडली. फुटका दाणा, किडका दाणा बाजूला काढला. हळदकुंकू तिकडे गेल्यावर लावू म्हटलं. खोड जात नाही म्हणतात तसं, थोडे दाणे प्रयोगशाळेत नेऊन ओल्या कागदावरही मांडले. सगळेच्या सगळे उगवले. मला इतका आनंद झाला की मी ते कोंब बाबांना दाखवायला घरी आणले. अक्षता कशा जिवंत असाव्यात!

आम्ही चौघं निघालो. आई, बाबा, सासूबाई आणि मी. बाबांनी पिशवी सामानात टाकू दिली नाही. विमानं बदलली, देश बदलले, पिशवी त्यांच्या मांडीवरच. जेवणाचा ट्रे आला तरी ती उचलली नाही. ट्रे आईच्या पुढ्यात ठेवायला लावला.

बेटावरचा विमानतळ आपल्या तालुक्याच्या बसस्टँडएवढा. धान्य आहे का विचारणाऱ्या रकान्यात बाबांनी माझ्याकडून प्रामाणिकपणे 'हो' लिहून घेतलं होतं. खाकी कपड्यातल्या एका धिप्पाड बाईंनी पिशवी उघडली, दाणे तळहातावर घेतले आणि मला विचारलं, "हे पेरलं तर उगवेल का?"

दुसऱ्या कुणालाही विचारलं असतं तर तो 'नाही हो, खायचं धान्य आहे' म्हणून मोकळा झाला असता. पण हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा. ह्या एका प्रश्नासाठी मला पगार मिळायचा. मी छाती फुगवून इंग्रजीत सांगितलं, "उगवेल म्हणजे? एक दाणा वाया जाणार नाही. मी स्वतः तपासलंय!"

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पिशवी स्वतःकडे ओढली. उगवणारं कुठलंही बी त्या बेटावर बाहेरून नेता येत नाही. त्यातून कीड येते, रोग येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याच कंपनीत बाहेरून आलेलं बी असंच अडकून पडलेलं मी पाहिलं होतं. पण लग्नाच्या अक्षतांना कुणी बियाणं म्हणतं का?

बाबांनी विचारलं, "काय म्हनल्या त्या?"

मी सांगितलं. बाबा भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसले. मांडीवर पिशवी नव्हती तरी हात पिशवी धरल्यासारखेच होते. "शब्द देल्ता मी," एवढंच ते म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं. लग्न अडलं नव्हतं, हॉटेल होतं, वाळू होती, नवरदेव दाराबाहेर गाडी घेऊन उभा होता. पण बाबा तसेच रिकाम्या हातांनी गावात परत जाणार असते तर मला त्या लग्नाची चव लागली नसती.

मी परत बाईंपुढे जाऊन उभी राहिले. आता काय काय करता येईल, ते विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं: धान्य जाळता येईल, परत पाठवता येईल, किंवा त्यांच्या डोळ्यांदेखत ते उगवणारच नाही असं करता येईल. तिसरं मी झडप घालून धरलं. दाणा चांगला तापला की मरतो, हे मी रोज शिकवायचे नव्या पोरींना. आईला म्हणाले, "आई, भाजून मारावी लागेल ज्वारी."

"जीभ झडो तुझी!" आई भर विमानतळावर ओरडली. "लग्नाच्या अक्षता मारून टाकतेस? ज्वारी भाजून काळी करून पोरीच्या डोस्क्यावर टाकायची?" मग पदराचं टोक दातात धरून तिने क्षणभर विचार केला आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या ह्याला हाक मारली, "जावईबापू! तुमच्या हाटेलात मोठी लोखंडी कढई हाये का?"

"हाये की."

"मंग मारायच्या कशाला? फुलवू. लाह्या करू."

नागपंचमीला आमच्याकडे घरोघर ज्वारीच्या लाह्या होतात, त्यामुळे मला ते लगेच पटलं. बाईंना समजावताना मात्र घाम फुटला. शेवटी त्याच म्हणाल्या, "म्हणजे पॉपकॉर्न?" एरवी मी ह्या शब्दावरून भांडले असते. त्या दिवशी मोठ्याने 'येस मॅडम' म्हणाले. पिशवीला सील लागलं. उद्या मी स्वतः पिशवी घेऊन हॉटेलात येईन, माझ्यासमोर करा, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. आईने हॉटेलचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ज्वारीवर पाण्याचा हबका मारून ती फडक्यात दडपून ठेवली. तोवर सगळ्यांना, साहेबासकट, चहा करून पाजला, त्यात आलं इतकं घातलं की साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कढई लालभडक तापवली. पहिली मूठ टाकली, काठीला बांधलेल्या फडक्याच्या बोळ्याने फिरवली आणि ताडताड, ताडताड, कढई पांढरीशुभ्र! लाह्या ओट्यावर, चुलीवर, आईच्या केसांत. नवरदेवाचे सोबती टाळ्या वाजवायला लागले. बाई खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसल्या. न फुटलेला गणंग दाणा उचलून त्यांनी मला विचारलं, "आणि हा?" मी म्हणाले, "तोही मेला, मॅडम. काही माणसं कितीही तापली तरी फुलत नाहीत." आई म्हणाली, "तुझे थोरले काका." बाबा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. हळदकुंकवाच्या पाण्याचा हात फिरवून लाह्या परातीत भरल्या आणि बाईंनी सही करून दिली. जाताना त्यांनी विचारलं, उद्या आले तर चालेल का. आईने भाषांतराची वाट न बघता मान हलवली.

लग्नाच्या सकाळी मी हिरवा शालू नेसून अनवाणी वाळूत उभी होते. समोर बाबांच्या उपरण्याचा अंतरपाट, त्याचं एक टोक सासूबाईंच्या हातात, दुसरं साहेबाच्या. नारळाच्या झाडाला बांधलेल्या फोनमध्ये आमचा सभामंडप. माणसावर माणूस बसलेला, पोरं पुढे, बायका खांबाला टेकून, थोरले काका मधोमध खुर्चीवर. मागे गुरं घरी परतताना दिसत होती. भटजींनी तिकडून पहिलं मंगलाष्टक म्हटलं. आवाज थोडा मागे राहून येत होता, पण आला. सगळ्यांनी लाह्या उधळल्या आणि समुद्रावरून वाऱ्याची झुळूक आली. लाह्या माझ्या डोक्यावरून थेट नारळांच्या रांगेत. एकही अंगावर नाही.

तिकडून काकांचा आवाज आला, "उडून गेल्या की! एक बी पडली न्हाई."

"थांबा!" बाबा गरजले. भर मंगलाष्टकात लग्न थांबवलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. भटजी थांबले, काका थांबले. मला वाटलं समुद्रही थांबला. बाबांनी चिमूटभर कोरडी वाळू उचलली आणि हात वर करून हळूच सोडली, खळ्यावर वारा बघायचे तशी. वाळू कुठे जाते ते पाहिलं. मग म्हणाले, "उधळायच्या न्हाई. उफणायच्या. चला समदे माझ्या बाजूला!"

त्यांनी आख्खं वऱ्हाड समुद्राच्या अंगाला नेलं, पाण्यात पाय बुडतील इतकं. मापून चार पावलं ह्याला सरकवलं, दोन मला. अधिकारी बाईंनी बूट काढून हातात धरले. ओंजळ डोक्याच्या वर धरायची आणि वाऱ्यावर सोडायची, हे आईने त्यांना करून दाखवलं. जन्मभर खळं केलेली माणसं माझी. वारा त्यांना नवा नव्हता.

तिकडून 'शुभमंगल सावधान' आलं. अंतरपाट बाजूला झाला आणि वरून पिवळ्यालाल लाह्यांचा नुसता पडदा आमच्या दोघांवर उतरला. केसांत, मुंडावळ्यांत, शालूच्या निऱ्यांत, ह्याच्या मिशीत. हा हसायला लागला तर तोंडातही गेल्या. बाबा ओंजळीमागून ओंजळ सोडत होते, एकही वाया जात नव्हती.

परात रिकामी झाली. फोनमध्ये थोरले काका खुर्चीवरून उठून टीव्हीला लावलेल्या फोनजवळ आले, इतके की आम्हाला त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं.

"माझी ज्वारी पडली का?" त्यांनी विचारलं.

"पडली, दादा!" बाबा म्हणाले.

मग मागून दुसरा आवाज, "आन् आमची?" मग बायकांच्या बाजूने, "भाऊ, आमची पडली का?" मग चाचींचा, "भाई, हमारी?" आवाजावर आवाज चढत गेला. बाबा फोनसमोर उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"समद्यांची पडली!" ते ओरडले. "घराघराची पडली! फुलून पडली!"

काका मागे सरकले. आता त्यांचा पूर्ण चेहरा दिसायला लागला. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत नीट डोक्यावर बसवली आणि वळून गावाला सांगितलं, "लागलं लग्न. वाजवा रे!"

हलगी तिथे तयारच ठेवली होती. कुणी ठेवायला लावली ते मी पुढे गावी गेल्यावर विचारलं, तर काकांनी विषय बदलला. त्या लहानशा फोनमधून हलगी कडाडली आणि कॅरिबियनच्या वाळूवर आधी आई नाचली, मग साहेब, मग बूट हातात घेतलेल्या बाई. सगळ्यांत शेवटी बाबा. रिकामी परात उलटी धरून ते दोन्ही हातांनी बडवत होते.