न दिसणारं सांगायचं नाही

हवाई दलाच्या बचाव तुकडीत त्याला 'रेडिओ' म्हणत आणि घरी बायको म्हणायची 'मौनीबाबा'. दोन्ही नावं खरी होती.

तुकडी सुरू झाली ती दोन जुन्या हेलिकॉप्टरांवर, समुद्रात पडलेले आपलेच पायलट उचलून आणायला. पुढे बुडत्या बोटींवरचे खलाशी आले, पुरात छपरांवर बसलेली कुटुंबं आली आणि हेच मुख्य काम होऊन बसलं. रेडिओकडे दोर असे. बाजूला सरकवलेल्या दारात पालथं पडून तो दोर खाली सोडायचा. पायलटला हेलिकॉप्टरच्या पोटाखालचं दिसत नाही, म्हणून हा अखंड बोलायचा: पुढे, जरा उजवीकडे, थांब. पायलटने प्रत्येक शब्द परत म्हणायचा. नाही म्हटला, तर काम थांबवायचं. आणि स्वतःला न दिसणारं सांगायचं नाही.

वाचलेले लोक मिठी मारत ती दोरावरून खाली उतरलेल्या जवानाला. याला त्यांची फक्त टाळकी ठाऊक.

निवृत्तीनंतर तो तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. बायको गेली तेव्हा तो समुद्रावर होता. लेक दर महिन्याला औषधं घेऊन येते आणि खालून फोन करते, "बाबा, गाडी लावायला जागा नाही. खालीच या." पिशवी गाडीच्या खिडकीतून देते, निघते. तिने एकदा तरी वर यावं, एवढंच त्याला हवं होतं.

परवा गॅलरीतून त्याला भिंत आणि एका टेम्पोच्या मधे फट दिसली. त्याने दोन कप काढून ठेवले. फोन आला तसा म्हणाला, "जागा आहे. मी वरून सांगतो. मागे ये."

गाडी मागे आली. तो गप्प झाला.

"बाबा? फोन कटला का?"

"तू परत म्हटलं नाहीस. मी म्हणेन ते तू म्हणायचं."

"कठीण आहे तुमचं. बरं, मागे."

"जरा डावीकडे."

"जरा डावीकडे."

"थांब."

"थांबले. एवढं तर तुम्ही माझ्या लग्नातही बोलला नव्हता."

गाडी फटीत चपखल बसली.

"बाबा, दार उघडत नाहीये. इकडे भिंत, तिकडे टेम्पो."

तो खाली बघत राहिला. जागेचा अंदाज घेताना दाराचा विचार त्याने जन्मात केला नव्हता.

"आमचं दार सरकतं," तो म्हणाला.

"माझं नाही सरकत." ती हसली. मग म्हणाली, "उशीर होतोय. काढा मला बाहेर."

ते त्याला येत होतं. "पुढे." "पुढे." गाडी रस्त्याला लागली तरी ती परत म्हणत होती, म्हणून तोही सांगत राहिला. कोपऱ्यावर गाडी वळून दिसेनाशी झाली. तो थांबला.

फोन चालूच होता.

"बाबा, पिशवी माझ्याकडेच राहिली. पुढे सांगा."

"उजवीकडे वळ. शाळेच्या मागे जागा असेल."

"आहे की असेल?"

"असेल."

"उजवीकडे वळते," ती म्हणाली.