तांब्याचे बगळे आणि ओरिहारा-सान

ताकामात्सुच्या बंदराजवळच्या खरेदी संकुलात माझं दुकान आहे. किल्ल्या बनवते, बुटांच्या टाचा बसवते. दुकान कसलं, जिन्याखालचा एक खण. समोरच तीन मजली पाण्याचं घड्याळ. दर तासाला पाण्याचा पडदा कोसळतो, ढोल वाजतो आणि बारा तांब्याचे बगळे रांगेनं बाहेर येऊन माना लववतात. लोक फोटो काढतात. ते घड्याळ चालवणारे ओरिहारा तोकुजी एकाही फोटोत नसतात, कारण ते घड्याळाच्या पोटात असतात.

संकुल उघडलं तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. घड्याळ बनवणारी कंपनी पुढे बंद पडली, नकाशे कुठेतरी गहाळ झाले, आणि यंत्राची खोड न् खोड ठाऊक असलेला एकच माणूस उरला. त्यांची बायको मित्सुए-सान आजारी आईला सांभाळायला समोरच्या बेटावर गेली, त्याला पाच वर्षं झाली. निवृत्त झाले की तेही जाणार होते. बोटीनं चाळीस मिनिटं. पण सुट्टीचा बुधवार सोडला तर त्यांना ती चाळीस मिनिटं कधी मिळाली नाहीत.

त्या ऑक्टोबरात व्यवस्थापक नागोशीनं त्यांना निवृत्ती पुढे ढकला म्हणायला तिसऱ्यांदा बोलावलं. बाहेर आले ते थेट माझ्या दुकानापाशी.

“काय झालं?” मी विचारलं.

“आणखी एक वर्ष म्हणतोय.”

“आणि तुम्ही?”

“बरं म्हटलं.”

“अहो, तुम्हाला ‘नाही’ हा शब्द कुणी शिकवलाच नाही का?”

ते हसले, कोट माझ्या खुंटीला अडकवला आणि पाना घेऊन पाण्यामागच्या लोखंडी दारातून आत गेले. शनिवार होता. साडेदहा वाजले होते.

अकराला पडदा कोसळला आणि थांबलाच नाही. बगळे येऊन गेले, तरी पाणी पडतच राहिलं. लोकांना वाटलं, सुट्टीचा खास खेळ. बाराला ढोलाच्या मागे ठणठण असा वेगळाच ठेका ऐकू आला. बालवाडीची मुलं त्यावर टाळ्या वाजवू लागली. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या.

एक वाजता खुंटीवरच्या कोटातला फोन वाजला. मित्सुए-सानचा रोजचा फोन. तो ते कधी चुकवत नसत. शेवटी मीच घेतला.

“ते कुठायत?”

“आत आहेत, काम चाललंय.”

“एक वाजता? कितीही काम असलं तरी एकला बाहेर येऊन फोन घेतात. जरा बघ ना, बाई.”

तेव्हा मला तो ठणठण ठेका आठवला. ते आतून दार ठोकत होते.

मी हाका मारल्या तसा नागोशी धावत आला. “पाणी बंद करा!” तो पहारेकऱ्यावर ओरडला.

“कसं करायचं, साहेब?”

“ओरिहारा-सानना विचारा!” म्हणाला, आणि तेच आत आहेत हे त्याला आठवलं.

मी बूट काढले, हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवली आणि भिंतीला चिकटून पडद्याखाली शिरले. पाणी डोक्यावर दगडासारखं आदळत होतं. कुलपात तार घालावी तर हात वाहून जात होता. दाराच्या फटीला तोंड लावून मी हाका मारल्या.

“कोण? कानेमित्सु-सान?” आतून आवाज आला, अगदी शांत. “आतली मूठ तुटली, किल्ली माझ्यापाशीच आहे. झडपही अडकलीय. तळघरात तिसऱ्या खांबामागे निळा दांडा आहे. अर्धाच फिरवा म्हणावं, पूर्ण फिरवलात तर नळ फुटेल.”

“तुम्ही ठीक आहात ना?”

“इथे बसायला जागा नाहीये हो,” ते म्हणाले. तेवढं बोलताना मात्र आवाज फाटला.

नागोशीनं स्वतः जाऊन गंजलेल्या दांड्याशी तासाभर झगडून तो फिरवला. दोन वाजून सात मिनिटांनी पाणी थांबलं आणि घड्याळही. दोन मिनिटांत मी कुलूप उघडलं. हातभर रुंदीच्या त्या फटीत ते साडेतीन तास उभे होते. ओठ निळे पडले होते. बाहेर येताच त्यांनी जमलेल्या लोकांना वाकून नमस्कार केला. “घड्याळ बंद पडलं, माफ करा.”

नागोशी मान खाली घालून म्हणाला, “ओरिहारा-सान, आज घरी जा.”

“कुठल्या?” त्यांनी विचारलं आणि कोट घेऊन चारची बोट पकडली.

अकरा दिवस ते बेटावर राहिले. संत्री तोडली, सासूला उन्हात बसवलं. इकडे दोन इंजिनिअर आले, पोटात डोकावून परत गेले. थांबलेल्या घड्याळाच्या कठड्यावर चिठ्ठ्या जमू लागल्या. बगळे आजारी आहेत का, असं एका मुलीनं विचारलं होतं. एका म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, बायको गेल्यापासून मी रोज तीनला इथे येतो. नागोशीनं त्या सगळ्या पाकिटात घालून बेटावर पाठवल्या. मला तो डाव आवडला नाही आणि मी त्याला तोंडावर तसं सांगितलं.

बाराव्या दिवशी ओरिहारा-सान परतले.

“मित्सुए-सान काय म्हणाल्या?”

“डबा भरून दिला.”

त्यांनी घड्याळ पुन्हा चालू केलं आणि माझ्याकडून त्या दाराचं कुलूप कायमचं काढून घेतलं. वहीत सगळं लिहायला घेतलंय, पण शिकायला कुणी आलेलं नाही. मागच्या वसंतात सासू गेली. मित्सुए-सान आता त्या घरात एकट्याच असतात.

परवा सकाळी पाण्यामागच्या दाराकडे उतरताना त्यांची एक पायरी चुकली. मी काउंटरमागून उठले. त्यांनी कठडा धरला, जरा दम घेतला आणि दार उघडं ठेवून आत गेले.