हुल्कर काही विचारत नाही

गेले तीन आठवडे हुल्करने मला फोनवर एकही प्रश्न विचारलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या मुलीबद्दल हे सांगितलं तर लोक म्हणतील, बरं झालं, सुटलात. पण माझी मुलगी विचारायची थांबली म्हणजे एक तर तिला ताप आहे, नाही तर ती काहीतरी लपवते आहे. पुढच्या महिन्यात तिचं मुयनाकचं काम संपतं आणि त्यानंतर काय, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

तिला विचारायची लाज कधीच नव्हती. मी रस्ता चुकले तर दोन तास चालेन, पण कुणाला विचारणार नाही. ही चार वर्षांची असताना मर्गिलानच्या बाजारात हरवली, तर रेशीम विकणाऱ्या बायकांना एकेक करून विचारत सुटली, "माझी आई हरवली आहे. घाबरट आहे ती. पाहिलीत का?" मी सापडले तेव्हा मी रडत होते आणि तिचे दोन्ही खिसे जर्दाळूंनी फुगलेले होते.

ती नऊ वर्षांची असताना कडाक्याच्या थंडीत आमच्या गल्लीचा गॅस अकरा दिवस बंद होता. मी सगळ्यांना कोट घालून एका खोलीत बसवलं आणि बाहेर कुणाला काही बोलायचं नाही असं बजावलं. हुल्कर निघून गेली. तासाभराने परतली ती एका म्हाताऱ्याच्या गाढवगाडीत बसून. मागे पऱ्हाट्यांच्या मोळ्या आणि त्यावर पत्र्याची शेगडी.

"कुणाकडे भीक मागितलीस?" मी दबक्या आवाजात म्हणाले.

"भीक कशाला? मी विचारलं, तुम्ही घर कसं गरम ठेवता. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कसं ठेवता. मी खरं ते सांगितलं."

त्या बदल्यात मी म्हाताऱ्याच्या नातीला वर्षभर रसायनशास्त्र शिकवायचं, हेही तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग तिच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. ताश्कंदच्या इस्पितळात मी आठवडाभर भिंतीला टेकून उभी होते. एकोणीस वर्षांच्या हुल्करने मोठ्या डॉक्टरांना जिन्यातच गाठलं.

"तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत?"

"दोनशेच्या वर."

"त्यातले किती गेले?"

मी तिच्या कोटाची बाही ओढली. डॉक्टरांनी चष्मा काढला. "सहा."

"त्या सहांचं काय बिघडलं?"

मला वाटलं, आता आम्हाला हाकलतील. ते पायरीवर बसले आणि अर्धा तास कागदावर हृदय काढून समजावत राहिले. त्या रात्री मी आठवड्यात पहिल्यांदा झोपले. हुल्करचे वडील बरे झाले. तो कागद अजून त्यांच्या पाकिटात असतो आणि ते तो पाहुण्यांना, जेवण चालू असतानाच, उघडून दाखवतात.

शेती शिकलेली ही मुलगी सतरा महिन्यांपूर्वी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मुयनाकला गेली. समुद्र आटला तिथल्या वाळूत सक्सौलची झुडपं लावायची होती. निघताना तिने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दारात नानचा घास घेतला. तिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. त्या फटीच्या खुणेसकट ती नान मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली, ती परत येऊन उरलेली खाईपर्यंत. दर फोनला तिचा पहिला प्रश्न हाच, "माझी नान आहे ना? दाखव."

तीन आठवड्यांपूर्वी मी शाळेतून आले तर खिळा रिकामा. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, नवी कवळी लावून.

"आई, नान कुठे गेली?"

"खाल्ली."

"अहो, ती हुल्करची होती."

"दाताचा डॉक्टर म्हणाला, हळूहळू कडक खायला लागा. म्हटलं, हळूहळू कशाला? घरात सगळ्यात कडक तीच होती."

"म्हणून अख्खी?"

"अर्धी टाकून देऊ? नान कुणी टाकतं का, सूनबाई?"

मी शाळेत मुलींना रसायनशास्त्र शिकवते. वाळलेल्या पिठाने माणूस परत येत नाही हे मला कळतं. तरी मी दुसऱ्या दिवशी नवी नान आणून तिचा घास तोडला आणि टांगली. पण फटीची खूण कुठून आणणार? यांना तोडायला लावला, तर घोड्याने चावल्यासारखी दिसायला लागली. शेवटी मी हुल्करला सांगून टाकलं की आता चित्र दिसणार नाही, नेट बिघडलंय, नुसतं बोलू या. ती "बरं" म्हणाली. तेव्हापासून हे असं. जेवलीस का नाही, बाबांची गोळी नाही, काही नाही. मी मनातल्या मनात तिला दोनदा आजारी पाडलं आणि एकदा तिकडेच लग्न लावून दिलं.

आज जेवताना मला राहवलं नाही. "ती नक्की काहीतरी लपवते आहे," मी म्हणाले.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "ती कशाला लपवेल? लपवतेस तू. मी तर तिला त्याच दिवशी फोन केला."

"काय म्हणाली?"

"हसली. कवळी टिकली का, विचारलं. मग म्हणाली, आजी, आईला मी नानचं विचारणार नाही. विचारलं तर तिला खोटं बोलावं लागेल आणि खोटं बोलली की तिला झोप येत नाही. पण एकदा विचारायला लागले की ते तोंडातून निघेलच, म्हणून काहीच विचारत नाही."

"आणि तुम्ही हे मला तीन आठवडे सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस का?"

हुल्करचे वडील इतके हसले की मी त्यांना छातीची आठवण करून दिली.

सगळे झोपायला गेले तरी मी बसलेच आहे. मला आता कळतंय की मी सतरा महिने ती नान बघत होते, कारण तिच्याकडे बघितलं की काही विचारावं लागत नव्हतं. तू परत येणार आहेस का, एवढं साधं वाक्य मी हुल्करला एकदाही म्हटलेलं नाही. नाही म्हणाली तर काय, म्हणून.

झुडपांचा ट्रक सहाला निघतो, म्हणजे ती पाचला उठते. पाचला फोन करणार आहे. आधी नानचं खरं सांगेन. मग विचारेन आणि ती उत्तर देईपर्यंत फोन ठेवणार नाही.