संध्याकाळी परत

कुणीही कुठलंही यंत्र हातात दिलं, की हवालदारकाका आधी त्याचं तोंड जमिनीकडे वळवायचे. मग ते ड्रिल असो, नाहीतर काचेला सिलिकॉन लावायची साधी पिचकारी. डोळा बारीक करून आत पाहायचे, स्वतःशीच "रिकामं" म्हणायचे आणि मगच ते फळीवर ठेवायचे. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये ते अवजारांचं स्टोअर सांभाळायचे आणि मी ऑफिसात पत्रव्यवहार पाहायचो. नव्वदच्या दशकात मी तिथे लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझा स्टेपलर असाच तपासला. मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत.

काका साताऱ्याकडचे. फौजेत बावीस वर्षं काढलेली, त्यातली बरीचशी कोतमध्ये. कोत म्हणजे पलटणीची शस्त्रं ठेवायची खोली. तिची किल्ली यांच्याकडे असायची. "कर्नलसायेब जरी आला तरी सही घेतल्याबिगर रायफल हलायची न्हाय," ते सांगायचे, "आन् संध्याकाळी परत." हाच नियम त्यांनी शारजात आणून ग्राइंडरना लावला. आमचा पेशावरचा वेल्डर वैतागून म्हणायचा, "हवालदार साब, ग्राइंडर है, बंदूक थोड़ी है. कल देगा, इन्शाल्ला." काका शांतपणे म्हणायचे, "कल नहीं. शाम को." कुणी दोन दिवसांनी आणून दिलं तर रागावायचे नाहीत. फक्त वहीत लाल शाईने लिहायचे, 'उशिरा, पण जमा'.

एकदा ते शारजा-दुबईच्या हद्दीवरच्या अल नहदाला आमच्या घरी जेवायला आले. माझ्या लेकीने दारातच प्लॅस्टिकचं पिस्तूल त्यांच्यावर रोखलं. काकांनी दोन बोटांनी नळी खाली केली. "माणसावर धरायचं न्हाय, बाळ." "बट इट्स ओन्ली अ टॉय, काका," ती म्हणाली. "मग खेळण्यात तरी कशाला धरायचं?" तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी घाईने ताटं मांडायला घेतली.

त्यांचा एकुलता एक मुलगा अजित अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये होता. एके दिवशी त्याचं पाकीट आलं. आतल्या फोटोत अजित अंगणात उभा होता आणि त्याच्या हातात काळी, लांब मॅगझिनची रायफल होती. मागे लिहिलं होतं, 'बाबा, ओळखा पाहू!' बाप फौजी, तेव्हा खूश होईल असं त्या बिचाऱ्याला वाटलं. वर्कशॉपमध्ये फोटो हातोहात फिरला, वेल्डरने तर चहा पाजायला सांगितलं. फोटो परत हातात आला तेव्हा काकांनी वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि मिटून ठेवली.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला ऑफिस उघडायला लावून अजितला फोन केला. मी शेजारीच बसलो होतो.

"कुणाकडनं घेतली?"

दुकानातून, सगळं कायदेशीर आहे, इथे हा हक्क आहे, असं काहीसं अजित समजावत असावा.

"हक्क आसंल," काका म्हणाले. "पण संध्याकाळी परत कुणाला देतोस?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. काकांनी रिसीव्हर ठेवला. पुढे त्यांना नातू झाला, अजितने तिकीट पाठवलं, सूनबाईने फोनवर रडून पाहिलं. काका गेले नाहीत. ते हत्यार ज्या घरात आहे तिथे मी झोपणार नाही, एवढंच म्हणायचे. नातवाचा फोटो मात्र स्टोअरच्या कपाटाला आतून चिकटवला होता आणि कपाट दिवसातून वीसदा उघडायचे. मला त्यांचा राग यायचा. इतकं ताणू नये माणसाने, असं मी तोंडावर बोललोही.

दोनेक वर्षांनी अजितला दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली. तिथे असली रायफल आणायला बंदी आहे, असं काकांच्या कानावर आलं. ते तडक माझ्याकडे आले. ऑफिसात नुकतंच इंटरनेट आलं होतं. तिथला कायदा शोधून मी मराठीत सांगत गेलो: मॅगझिन काढता-घालता येत असेल आणि खांद्याला टेकवायचा दस्ता दुमडता येत असेल तर बंदी, पकड अमुक तऱ्हेची असेल तर बंदी. काका मान डोलवत होते. "लिहिणाऱ्यानं हत्यार हातात धरल्यालं दिसतंय." मग थबकून विचारलं, "पर देश एकच ना? मग हितं बंदी आन् तिथं न्हाय, आसं कसं?"

"आपल्या नहदासारखं, काका. शारजात दारूची बाटली सापडली तर आत टाकतात. रस्ता ओलांडून दुबईत गेलं, की हॉटेलात मिळते."

"बाटलीवाले पलीकडं ठिवून येत्यात," काका म्हणाले. "सोडत न्हाईत."

झालंही तसंच. अजितने रायफल जुन्या राज्यातल्या मित्राकडे ठेवली आणि तो नव्या घरी राहायला गेला. मला वाटलं, काका आता आणखी भडकतील. पण ते म्हणाले, "नातवाच्या घरात न्हाय ना? कायद्यानं तेवढं केलं, लई झालं." आणि तिकीट काढून गेले.

महिन्याने परतले तेव्हा मी विचारलं, अजितशी बोललात का?

"न्हाय. नातू प्लॅस्टिकचं पिस्तूल घेऊन पळत आला. मी नळी खाली केली. अजित बघत हुता."

वर्षभरात काकांचा व्हिसा संपला. निघताना त्यांनी स्टोअरच्या किल्ल्या मोजून दिल्या आणि वही माझ्या हातात ठेवली. "जपा, सायेब. एक नोंद उघडी हाय." घरी येऊन चाळली, तर फोटो आला त्या तारखेला लिहिलेलं होतं: 'अजित. रायफल, एक.' समोरचा परतीचा रकाना कोरा होता.

पुढे दोन वर्षांनी काका गावी वारले. मी जाऊ शकलो नाही, याचं आजही वाईट वाटतं. काही महिन्यांनी अजितचं पत्र आलं. 'बाबांचं सगळं उरकून परतलो आणि त्या मित्राकडे गेलो. रायफल घेतली आणि तिथल्या पोलीस ठाण्यात जमा केली. पावती दाखवायला आता बाबा नाहीत. वही तुमच्याकडे आहे, असं ते म्हणाले होते.' सोबत ती पावती होती.

मी वही काढली. लेकीच्या दप्तरातून लाल पेन घेतलं आणि त्या कोऱ्या रकान्यात, जमेल तितक्या काकांसारख्या अक्षरात लिहिलं, 'उशिरा, पण जमा'.