विंगेतली ती चार मिनिटं

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. उभा जन्म काशीत गेला, ब्रह्मा घाटाच्या गल्लीत. या गावात चिता कधी विझत नाही. भुतं असतीच तर भाजी आणायला जाताना रोज चार-सहा अंगावर आपटली असती. मला आजवर सांडांशिवाय कुणी आडवं आलेलं नाही. या मासिकाच्या सदरात लोक असले अनुभव लिहितात ते वाचून मी हसायचो. आता माझंच लिहितोय, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं. मी चौथी पास. चुका संपादकांनी बघाव्यात.

माझा धंदा स्वयंपाकाचा. देशावरून यात्रेकरू येतात, उपाध्यायांच्या घरी उतरतात, त्यांना आपल्याकडचं जेवण लागतं. ते मी करायचो. पण आमच्या मंडळाच्या गणपतीत दर वर्षी नाटक व्हायचं, त्यात मी सत्तावीस वर्षं प्रॉम्प्टर होतो. नट व्हायचं तोंड नव्हतं आणि पाठांतर तर मुळीच नव्हतं. पण वाचून हळू आवाजात नेमकं सांगायला मला जमायचं. विंगेत वही घेऊन उभं राहायचं, नट अडला की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द पुरवायचा. एकच शब्द. आणि नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखायचं. थांबलेल्या नटाला भलताच शब्द फेकला की तो संपला. दहा वर्षांचं पाठांतर एका शब्दानं सांडतं. हे मला जितकं ठाऊक तितकं कुणाला नसेल.

माझी बायको सुमन त्याच नाटकांत काम करायची. आमच्या गल्लीतल्या एका शास्त्रीबुवांनी जुन्या संस्कृत कथेवरून एक नाटक रचलं होतं, दर गणपतीत तेच व्हायचं. त्यात राजानं कोंडून ठेवलेली राणी दाराबाहेरच्या पहारेकऱ्याशी बोलते. लांबलचक स्वगत. ‘दिवा विझला’ म्हणून ती थांबायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, विसरली. मी पुरवलं, ‘उजाडलं...’ मग ती पुढं गेली, ‘उजाडलं असेल बाहेर.’

घरी आल्यावर माझ्यावर उखडली. “अहो, मी थांबले होते! विसरले नव्हते!”

“मग आधी सांगायचं.”

“राणी काय वहीत लिहून थांबते?”

पण पुढच्या वर्षी त्याच जागी ती माझ्याकडं बघत उभीच राहिली. मी पुरवेपर्यंत हलेना. नंतर म्हणाली, “तुमचा आवाज आला की बाहेर खरंच कुणीतरी आहे असं वाटतं. राहू दे तसंच.” मग दर खेपेला तसंच झालं. लोकांना वाटायचं, बाई दर वर्षी एकाच जागी विसरते.

पंच्याण्णव सालच्या कार्तिकात ती गेली. कावीळ झाली होती. अठरा दिवसांत संपलं.

मागं राहिलो मी आणि वैजू. उशिरा झालेली एकुलती एक, तेव्हा एकवीस वर्षांची. माझ्या हाताला तिघांच्या मिठाची सवय, ती सुटेना. वैजू मुकाट्यानं जेवायची, कधी म्हणायची, “बाबा, आज परत समुद्र.” मी म्हणायचो, “खा गपचूप.” एवढंच बोलणं.

तिच्या डोक्यात दिल्लीच्या नाटकशाळेत जायचं होतं. आईनं भरवलेलं खूळ. त्या शाळेचे लोक शहाण्णवच्या जेठात, ऐन उन्हाळ्यात, बनारसला परीक्षा घ्यायला येणार होते. जुन्या कथेवरच्या नाटकातलं एक स्वगत करून दाखवायचं. हिनं आईचंच घेतलं, कॉलेजातल्या एका मास्तरांकडून हिंदीत करून. दोन महिने गच्चीवर तेच. “पहरेदार, तेरा मुँह मैंने कभी नहीं देखा...” मला हिंदीतलंही पाठ झालं. ती मात्र कुठं थांबायची नाही. ‘दिया बुझ गया, सवेरा हुआ होगा’ असं सरळ एका दमात.

इकडं मी तिच्यासाठी मुलगा बघून ठेवला होता. बँकेत नोकरी, घर दोन गल्ल्या सोडून. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. तिला सांगितलं तर म्हणाली, “परीक्षेत नाही निवडली गेले तर तुम्ही म्हणाल तिथं उभी राहीन. पण परीक्षा देऊ द्या.”

मी हो म्हटलं. का म्हटलं ते सांगतो, लाज वाटली तरी. तिला पाडायचं कसं ते मला माहीत होतं. विंगेतून एक चुकीचा शब्द, बस. तिला वाटलं असतं आपणच चुकलो. रिकाम्या घरात एकटं राहायची माझी छाती नव्हती.

गोदौलियाकडच्या एका शाळेचा हॉल होता. मैदागिनहून रिक्षा केली. दुपारचे बारा, लूच्या गरम झळा चालू. बाहेर चाळीसेक मुलं-मुली भिंतीकडं तोंड करून पुटपुटत होती. चपराशी ओरडत होता, “गार्जियन लोग बाहर! अंदर कोई नहीं जाएगा!” मी त्याला म्हटलं, “पर्दा देखने वाला हूँ.” धोतर आणि पांढरे केस बघून त्यानं सोडलं. खोटं बोललो नव्हतो, सत्तावीस वर्षं तेच तर केलं होतं.

चपला दाराशी काढल्या. उजव्या विंगेत जायला मागून एक लाकडी दार होतं. आत काळा पडदा आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा. आडवं वळायला मिळेना. फटीतून स्टेज दिसत होतं. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा फळ्यांवर पडला होता. समोर तीन परीक्षक, मधल्या बाईंच्या हातात चहाचं मातीचं कुल्हड.

वैजूचं नाव पुकारलं. ती आली, नमस्कार केला, सुरू झाली. दुसऱ्या वाक्याला बाईंनी कुल्हड ओठाला लावलं. पाचव्याला मागं चपराशी शिंकला, ‘हे राम’ म्हणाला. मी नाटकाच्या शेवटच्या भागातला, राजाच्या तोंडचा एक शब्द ओठांवर घेऊन उभा. कुठं श्वास घेते ते बघत होतो.

“दिया बुझ गया...” आणि ती थांबली.

गच्चीवर कधी थांबली नव्हती. बरोबर आईच्या जागी थांबली, आणि मान माझ्या विंगेकडं वळवली.

मी माझा शब्द फेकला. चुकीचा.

 ती समोर वळली आणि पहिल्यापासून सुरू झाली. “पहरेदार, तेरा मुँह...”

वाटलं, जमलं. गोंधळलेला नट असाच पहिल्यापासून धरतो. परीक्षक आता थांबवतील. पण कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वाक्याला बाईंनी कुल्हड ओठाला लावलं. पाचव्याला चपराशी शिंकला. “दिया बुझ गया...” थांबली. माझ्याकडं बघितलं.

मी या वेळी गप्प राहिलो. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

तिसऱ्यांदा मी कुल्हडाकडं नीट बघितलं. काठोकाठ भरलेलं, वाफ निघत होती. तिसऱ्या खेपेला! चपराशी तसाच शिंकला, शेवटी तेच ‘हे राम’. उन्हाचा पट्टा एका खिळ्याला टेकलेला, तो तिथून तसूभर हलेना.  हे काहीतरी बरं नाही, निघा इथून, असं म्हणून मागचं दार ढकललं. हलेना. खांदा लावला. नाही. भिंत ढकलावी तसं. पडदा बाजूला करायला गेलो तर तो ओल्या गोणपाटासारखा जड, हातानं उचलेना. ओरडलो, “वैजू!” माझं मला ऐकू आलं. पलीकडं कुणी मान वळवली नाही.

चौथी, पाचवी, सातवी... मग मोजायचं सोडलं. खाली बसायला जागा नव्हती. गुडघे भरून आले. रामरक्षा म्हणून पाहिली, अर्ध्यावर विसरलो आणि तिथं मला पुरवायला कोण होतं? सुमनला शिव्या दिल्या. खरंच दिल्या, ‘मेल्यावर तरी सोड’ म्हणून. मग तिची माफी मागितली. समोर माझी पोरगी कोंडलेल्या राणीसारखी बोलत होती, त्याच जागी थांबत होती, माझ्याकडं बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. नुसती वाट बघणं होतं.

मला काय करायचं ते पहिल्यापासून कळत होतं, खोटं कशाला बोलू? पण तो शब्द पुरवला की ती पुढं जाणार, शेवटपर्यंत जाणार, आणि मग दिल्लीला जाणार. म्हणून मी तितक्या वेळा तिला परत पहिल्यापासून जाऊ दिलं.

शेवटी उभं राहवेना. ती थांबली. मी म्हटलं, “उजाडलं...” मराठीतच म्हटलं. दुसऱ्या भाषेत सुचलं नाही.

“सवेरा हुआ होगा बाहर,” वैजू म्हणाली, आणि पुढं गेली. बाईंनी रिकामं कुल्हड खाली ठेवलं. मागचं दार नुसतं हात लावल्यावर उघडलं.

बाहेर पायऱ्यांवर बसलो तर चपला पायात जाईनात. दोन्ही पाय सुजून टम्म. तीन अंकी नाटक उभ्यानं काढल्यावर व्हायचे तसे. वैजू धावत आली. “होतात कुठं? आणि पायांना काय झालं?”

“मधेच थांबलीस का गं?”

“थांबले? कुठं? सरळ गेले. चार मिनिटं. त्या मॅडम घड्याळ लावून बसल्या होत्या.”

“कुणी पुरवलं वगैरे?”

“बाबा, परीक्षेत कोण पुरवतं? बरं वाटतंय ना तुम्हाला?”

मी म्हटलं, ऊन लागलं. आत होतो हे सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सूज उतरल्यावर पुन्हा त्या शाळेत गेलो. दार बघितलं. त्याला ना कडी, ना खिटी. चपराशी म्हणाला, “बाऊजी, ई दरवाजा तो दू साल से बंद ही नहीं होता. लकड़ी फूल गई है, चौखट में बैठता ही नहीं.” मी स्वतः लावून पाहिलं. बोटभर उघडंच राहतं. डॉक्टर म्हणाले, उष्णता आणि वय. पायांचं एक वेळ मानतो. शिंकेचं आणि चहाचं काय?

वैजू निवडली गेली. श्रावणात तिला कँट स्टेशनवर गाडीत बसवून आलो. दोन गल्ल्यांपलीकडच्यांना स्वतः जाऊन नाही म्हणून आलो. आता ती भोपाळला असते, नाटकं बसवते, रविवारी फोन करते. तिच्याकडं हे मासिक येतं. म्हणजे मी त्या दिवशी कुठं होतो आणि कशासाठी होतो, हे तिला आत्ता इथंच कळणार. तोंडानं सांगायचं धैर्य झालं नाही, बाळा. तुला पाडायला आलो होतो.

ते काय होतं, मला माहीत नाही. सुमन होती असं मी म्हणणार नाही, मला कुणी दिसलं नाही. उन्हानं डोकं फिरलं असं कुणी म्हणालं तर भांडणार नाही. एवढं खरं की तेव्हा तिथून सुटायला मी जीव टाकत होतो. आणि आता संध्याकाळी एकट्याचं ताट वाढून बसलो की वाटतं, तो शब्द पुरवायची घाईच केली. वैजू समोर उभी होती, माझ्याकडं बघत होती... अजून एकदा पहिल्यापासून ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?