सत्यभामाबाईच्या अंगणातले अठरा ढीग

करडीचा मनिराम एका जागी कधी उभा राहत नसे. घर मासेमारीचं. बाप तलावात जाळं टाकून स्वस्थ बसे, तेव्हा हा काठच्या पाळीवर येरझारा घाली आणि उथळ पाण्यात उतरून पायाच्या अंगठ्याने गाळ चाचपी. १९७६ साली तो बोअरच्या गाडीवर लागला, तेव्हा तीच खोड दगडाला लागली.

गाडीवर त्याचं काम ठरलेलं. दर दहा फुटांनी, म्हणजे एक रॉड खाली गेला की, वर येणारा भुगा घमेल्यात धरायचा आणि त्याचे लहान ढीग ओळीने मांडायचे. पहिला दहा फुटांचा, दुसरा विसाचा. ओळ नीट वाचली की जमिनीच्या पोटातलं समजतं.

१९८३ च्या मे महिन्यात गाडी त्याच्याच गावी आली. त्याच्या टोल्यासाठी, म्हणजे वस्तीसाठी, सरकारी यादीत एकच बोअर होता, दोनशे फुटांपर्यंत. तो कोरडा गेला तर नाव पुन्हा तळाशी, आणि बायकांच्या डोक्यावर नदीच्या खेपा तशाच. जागा सत्यभामाबाईच्या अंगणातली.

दुपारी ईश्वर गुरुजी सुट्टीतल्या सातवीच्या मुलांना घेऊन आले. मनिराम ओळीच्या कडेने चालत सांगू लागला.

"हे पा, ही धानाच्या बांधीतली माती. पाण्यानं आणून टाकली. असेच थरावर थर दबत गेले, का गाळाचा खडक होते. हा मुरूम, म्हंजे सडलेला खडक. अन् तिसाच्या खाली हा पट्ट्यावाला."

"तो रूपांतरित," गुरुजी म्हणाले. "आधी बहुधा तापलेल्या रसातून थिजलेला अग्निज खडक असेल. मग खोलात दाबला, भाजला आणि पालटला."

एका मुलीने विचारलं, "गुरुजी, आग लागेपर्यंत खोदतेत का?"

"पृथ्वी आंबा धरली, तर आपण अजून साल ओरखडतोय. ही साल म्हणजे कवच, तेच तीस-चाळीस किलोमीटर. त्याखाली प्रावरणाचा गर, आणि मधे कोय म्हणजे गाभा."

मनिराम तोवर पुढच्या ढिगाकडे निघूनही गेला होता.

एकशे साठ फुटांवर डिझेल कमी पडलं. मशीनवाल्या टेकचंदने मनिरामलाच तुमसरला पिटाळलं आणि ढीग मांडायला दुसऱ्या पोराला बसवलं. परतीची बस चुकली. सकाळी पहिल्या गाडीने तो डबे घेऊन उतरला, तर हवेने भुगा वर फेकणारा कंप्रेसर निघायच्या तयारीत ट्रकला जोडलेला.

"उरल्या डिझेलवर आनखी दोन टाकले. अठरा रॉड गेले, कोरडाच," टेकचंद म्हणाला. "चाल, आंधळगावले जाचं हाय."

मनिराम ढिगांकडे धावला. ढीग नव्हतेच. अंगण शेणसड्याने ओलं, लख्ख.

"मावशी, माये ढीग?"

"कोनते? ते धूळ? झाडून टाकली," सत्यभामाबाई म्हणाली. "सडा नाही टाकाचा का मंग?"

मनिराम फिरून टेकचंदकडे आला. "भाऊ, शेवटच्या रॉडले काय आलं?"

"धूळ आली. नाकात, तोंडात."

"कोन्या रंगाची?"

"मी का लुगडं घेऊन राहिलो होतो का, रंग पाहाले?"

मनिराम उकिरड्यावर गेला. तिथे माती, मुरूम, खडक, सारं एकात एक. दोनदा उकरलं, परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा येताना दारापुढची रांगोळी उन्हात चमकली. बाजारची रांगोळी अशी चमकत नाही. तो मटकन खाली बसला आणि चिमूट उचलून दाताखाली धरली. करकरली.

"मावशी, हे कुठची?"

"तुयाच ढिगातली. शेवटचा पांढराफेक होता, टाकून देवासा नाही वाटला. पन हाताले टोचते बापा."

गारगोटी! खडकाला भेग पडते, खोलातलं तापलेलं पाणी त्या भेगेत गारगोटी साठवतं. पुढे ती पट्टी तडकली की त्यातून पाणी वाट काढतं. दरवेळी नाही. कोरडी गारगोटीही मनिरामने पाहिली होती. तरी तो टेकचंदकडे धावला.

"भाऊ, दोन रॉड बाकी हायेत."

"ट्रक जोडला ना बे."

"सोडा."

"अन् कोरडा गेला त?"

"त मले याच गावात राहाचं हाय. शिव्या मलेच पडतीन."

टेकचंद पचकन थुंकला आणि त्याने कंप्रेसर सोडवला.

एकोणिसावा रॉड गेला. पांढरी धूळ, सुकी. मनिराम अंगणाला प्रदक्षिणा घालत होता. दाराशी बायका जमल्या. विसावा अर्धा गेला आणि धूळ उडायची थांबली. मशीन खोकलं. मग पांढऱ्या चिखलाची चिळकांडी टेकचंदच्या सदऱ्यावर उडाली आणि तिच्यामागून पाणी आलं.

मनिरामने तो चिखल घमेल्यात धरला. झाडलेल्या ओळीच्या टोकाला, विसाव्या जागी, एकटाच ढीग ठेवला. त्यातून पाणी निथळत होतं.

सत्यभामाबाई खराटा धरून उभी होती. "हा राहू देऊ का रे?"

"राहू द्या मावशी," तो म्हणाला, आणि पाण्याची धार मोजायला पिंप आणायला पळाला.